दुर्बिणीचं झाकण

अप्पा,

गेल्या मंगळवारी आमच्या दुर्बिणीचं झाकण उघडलं. आरसा स्वच्छ आहे. कामावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. पण ही बातमी ज्याला नीट कळेल असा माणूस मला तुमच्याशिवाय कोणी आठवला नाही. परवा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरले आणि चौलला घरी आले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "एक झाकण उघडायला एवढी शिकलेली मानसं लागली व्हय?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मंग आमी घरात फुकटच राबलो." ती आता ऐंशीची आहे आणि तुम्ही गेल्यापासून जरा जास्तच बोलते. मला वाटतं, तुमच्या वाटणीचंही तीच बोलते.

तुम्ही गेलात तेव्हा मी काचा घासायच्या एका खात्यात नवी लागले होते. "काचेचंच काम का?" एवढंच तुम्ही विचारलं होतं आणि मान हलवली होती. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आधी दुर्बिणीचं सांगते. उन्हात एक भाग असा असतो जो डोळ्यांना दिसत नाही, पण अंग तोच रापवतो आणि कापडही तोच खातो. तुम्ही म्हणायचात ना, आपल्या दीपगृहाच्या बत्तीचा पश्चिमेकडचा पडदा पूर्वेकडच्यापेक्षा दोन वर्षं आधी विरतो. त्याला अतिनील किरण म्हणतात. आकाशातले काही फार तापलेले तारे मुख्यतः याच उजेडात चमकतात. पण आपल्या डोक्यावरची हवा तो उजेड अडवते, साधी काचही अडवते. म्हणून दुर्बीण हवेच्या पार वर न्यावी लागते आणि तिच्यात भिंगाऐवजी आरसा ठेवावा लागतो. तो आरसा घाणीला इतका हळवा असतो, की त्याच्यावर तेलाचा डोळ्यांना न दिसणारा थर जरी बसला, तरी दुर्बीण आंधळी होते. डाग पडला तर वर जाऊन पुसायला कोणी नाही. तो आरसा स्वच्छ ठेवणं हे माझं काम. मी तारे बघत नाही, अप्पा. मी फक्त पुसते, तपासते आणि लोकांना नाही म्हणते.

पुसायला मी तुमच्याकडे शिकले. आपली बत्ती खाडीच्या तोंडाशी त्या टेकाडावर, आणि खाली आपली दोन खोल्यांची सरकारी चाळ. सकाळी झोपून उठलात की तुम्ही बोटातली अंगठी काढून देवापाशी ठेवायचात, हात राखेने धुवायचात आणि आईने शिवलेला तो बिनबटणांचा अंगरखा घालायचात, नाड्या बांधलेला. बटण काचेला घासलं तर ओरखडा पडतो म्हणून. फडकी जुन्या धोतराची, तीन पाण्यांतून काढलेली, खळ नाही, नीळ नाही. वर भिंग तुमच्यापेक्षा उंच, काचांच्या पायऱ्यापायऱ्यांचं, आणि तुम्ही वरून खाली एकाच दिशेने फडकं न्यायचात, परत वर कधीच नाही. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बघते आहे. माझ्या केसांना खोबरेल तेल आहे म्हणून त्या पायरीच्या पुढे यायची मला बंदी आहे. भिंगाला सवत म्हणणारी आई खालून ओरडते, "झाली का सवतीची आंघोल? चहा गार झाला!" मासे घेऊन येणारी कोळीण हे ऐकून पाटी खाली ठेवून हसायची. तुम्ही वर पुसत राहायचात, पण तुमचे कान लाल व्हायचे. ते मला पायरीवरून दिसायचं.

दिवसा भिंगाभोवती सगळीकडून पडदे. रात्री भिंग उजेड समुद्रावर पाठवतं, पण दिवसा पडदा उघडा राहिला तर तेच भिंग ऊन आत गोळा करतं आणि मधल्या दिव्याशी आग लावू शकतं. त्यामुळे सूर्य पुरता बुडाल्याशिवाय पडदा काढायचा नाही. तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत पडद्याच्या आत स्पिरिटचा हात फिरवत असायचात, आतून बाहेरचं काही दिसायचं नाही. म्हणून मी खाली कठड्याशी उभी राहायची. तुम्ही वरून हाक मारायचात, "बुडला का गो?" आणि मी बघून सांगायची. मी बुडला म्हटलं की पडदा निघायचा. हे काम मला आठव्या वर्षी मिळालं आणि मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की बत्ती मी लावते.

त्या वर्षी चौलच्या दत्ताच्या जत्रेला जायचं ठरलं होतं. तुमच्या जागी रात्रीला दुसरे गृहस्थ येणार होते, तुम्ही बत्ती लावून दिलीत की आपण निघायचं. मी नवा फ्रॉक घालून कठड्याशी उभी. सूर्य समुद्रापासून चांगला चार बोटं वर होता आणि खाली उतरतच नव्हता. तुम्ही विचारलंत, "बुडला का गो?" आणि मी म्हणाले, "बुडला!" पडदा सरकल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग जळक्या कापडाचा वास. मी जिना चढून वर गेले तेव्हा तुम्ही दिव्याशी ठेवलेलं स्पिरिटचं फडकं उजव्या मुठीत दाबून धरलं होतं आणि डाव्या हाताने पडदा ओढत होतात. भिंगाला काही झालं नव्हतं. तळहात मात्र भाजला होता.

मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि साध्या आवाजात म्हणालात, "तू बुडला म्हणालीस, म्हणून मी उघडला." बस. त्यानंतर आजपर्यंत मला अनेक वरिष्ठ बोलले आहेत, काही जण फार बोलले, पण असं कोणी बोललं नाही. आणि मग तुम्ही हाताला फडकं बांधून आम्हाला जत्रेला नेलंत. मला वाटलं होतं जत्रा गेली. आईने वाटेत विचारलं, "हाताला काय झालं?" तुम्ही म्हणालात, "काच गरम होती." पाळण्यात तुम्ही माझ्या शेजारी बसलात, पाळणा वर गेला की डोळे मिटून घ्यायचात. रोज मनोरा चढणारा माणूस पाळण्याला घाबरतो हे बघून आई एवढी हसली की तिची पिशवीच खाली पडली आणि रेवड्या सगळ्या मातीत. पुढच्या रविवारी तुम्ही मला हाक मारून वर बोलावलंत आणि माझ्या मापाचा बिनबटणांचा अंगरखा दिलात. आईकडून गुपचूप शिवून घेतला होता. म्हणालात, "केस धुऊन ये. आजपासून खालची रांग तुझी." मी त्या दिवशी दोनदा केस धुतले.

तर आता माझं काम असं. आरशाच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला मी दारात थांबवते. तेल नाही, अत्तर नाही, पावडर नाही, काजळ नाही, गजरा तर नाहीच. एका मोठ्या शास्त्रज्ञांना दाढीनंतर लावलेल्या वासाच्या पाण्यामुळे मी तीन वेळा तोंड धुवायला परत पाठवलं. ते म्हणाले, "मॅडम, सासुरवाडीला पण एवढे हाल झाले नव्हते." तेव्हापासून माझं नाव सासूबाई. समोर मॅडम, पाठीमागे सासूबाई, आणि पेढे खाऊन झाले की समोरही सासूबाई. मला राग येत नाही. सगळ्यात मोठा प्रसंग आला तो आरसा यानावर चढवायला निघाला त्या दिवशी. आमचे प्रमुख स्वतः ताट घेऊन आले. नारळ, कुंकू, कापूर, उदबत्त्यांचा अख्खा पुडा. त्यांच्यामागे वीस माणसं, अनवाणी, हात जोडून. आणि मी दारात आडवी.

"दोन मिनिटांचं काम आहे," प्रमुख म्हणाले. "शुभ कार्य आहे."

"उदबत्तीचा धूर म्हणजे तेलच असतं, सर."

"मग कापूर?"

"कापूर तर त्याहून वाईट."

"निदान नारळ तरी?"

"गेटाबाहेर फोडा. पाणी उडतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "देवालाच आंघोळ घालून आत घ्या म्हणावं." सगळे हसले, प्रमुखही हसले, आणि ती सगळी वरात फाटकाबाहेर गेली. तिथे उभ्या असलेल्या ट्रकची पूजा झाली. ट्रकच्या ड्रायव्हरला काही कळेना, पण त्याने खोबरं घेतलं. तुम्ही असता तर तुमचे कान लाल झाले असते.

दुर्बीण वर गेली तरी झाकण लगेच उघडत नाहीत. नव्या यंत्राच्या अंगात डिंक असतो, रंग असतो, वायरींचं वेष्टण असतं, त्यातून वर गेल्यावर वाफ सुटत राहते. ती विरून जाईपर्यंत आरसा झाकलेला ठेवावा लागतो. झाकण आधी उघडलं, तर ती वाफ थंड आरशावर बसते आणि वरून ऊन लागलं की तिथेच भाजून पक्की होते. मग ती कधी निघत नाही. आरशाशेजारी एक छोटा स्फटिक बसवला आहे. त्याच्यावर काही बसलं की त्याचं वजन अगदी किंचित वाढतं आणि रोज किती वाढलं तो आकडा आम्हाला खाली कळतो. आकडा एका ठरलेल्या रेषेखाली आला की झाकण उघडायचं. तो रोज सकाळी मी वाचते, आणि उघडा किंवा थांबा हे मी सांगते. एवढ्या मोठ्या कामात एवढी एकच गोष्ट माझ्या हातात आहे.

आता एका पोरीबद्दल सांगते. ती बोर्ली पंचतनची. वडील कुवेतला, आई आणि धाकटी भावंडं गावी. आमच्याकडे ताऱ्यांवर काम करते. पहिल्या दिवशी तिला मी ओढणीच्या वासावरून दारात अडवलं, तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही रेवदंड्याकडच्या का?" मी म्हटलं, "कशावरून?" ती म्हणाली, "न्हाय म्हणताना तुमचा आवाज घरच्यासारखा लागतो." तेव्हापासून चारचौघांत मॅडम आणि एरवी ताई. सुट्टीहून येताना अम्मीने केलेले सांदण आणते, मी दाराबाहेर बसून खाते. तिचा एक तारा आहे. तारा म्हणजे जोडी आहे, एक दुसऱ्यावरून वायू ओढत असतो आणि कधीतरी तो वायू पेट घेतो. सहा वर्षं ती म्हणत होती की हा लवकरच पेटणार. लोक हसत होते. दुर्बीण वर गेली, झाकण बंद होतं, आकडा हळूहळू उतरत होता, आणि एका बुधवारी तिचा तारा पेटला.

जगभरच्या साध्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पण पेटल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत त्याच्यातून अतिनील उजेड कसा येतो हे तेव्हा फक्त आमची दुर्बीणच बघू शकली असती, आणि तिचे डोळे बांधलेले. बैठक बसली. सगळे म्हणाले, उघडू या, चार-पाच दिवस आधी उघडल्याने असं काय बिघडणार? प्रमुखांनी मला विचारलं. आकडा रेषेच्या बराच वर होता. मी म्हणाले, "अजून नाही." मला भाषण येत नाही, मी एवढंच म्हणाले आणि खाली बघितलं. ती समोर बसली होती. 

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "ताई, आकडा?"

"वर आहे."

"किती वर?"

मी सांगितला. ती खुर्ची ओढून बसली. "ताई, पहिले दिवस परत येत न्हाईत. तो पुन्हा पेटेल तेव्हा आपण दोघी कबरीत असू. म्हणजे मी कबरीत, तुम्ही राख."

"माहीत आहे."

"आणि आरसा धुरकटला तर?"

"तर तुझाही तारा दिसणार नाही आणि पुढच्या कुणाचाच दिसणार नाही."

तिने खुर्ची मागे सारली. मग म्हणाली, "अम्मी रोज फोनवर विचारते, ते झाकण अजून शिवलेलंच हाय का? तिला सांगते, आमच्याकडे एक ताई हाय, तिने टाके घातलेत." आणि माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी न विचारता घेऊन गेली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी मी कामावर गेले, तीही आलेली होती. आकडा उतरत होता, पण आईच्या गुडघ्यासारखा, एकेक पायरी थांबून. तारा साध्या दुर्बिणींतून मंद व्हायला लागला होता. कँटीनमध्ये मी गेले की बोलणं बंद व्हायचं.

मंगळवारी सकाळी मी उघडा म्हणाले. खाली वीस-पंचवीस माणसं पडद्यासमोर उभी होती. वरून झाकण सरकल्याची खूण आली. आधी माझी तपासणी, ठरलेल्या एका ताऱ्याकडे बघून आरसा किती उजेड देतो ते मोजायचं. यान वर चढवण्याआधी मोजला होता तेवढाच आला. अगदी तेवढाच, अप्पा. कणभर कमी नाही. मग दुर्बीण तिच्या ताऱ्याकडे वळवली. साध्या उजेडात मंद होत चाललेला तो तारा आमच्या पडद्यावर असा लखलखला, की यंत्र सांभाळणारा माणूस म्हणाला, "अरे, जरा डोळे मिटा रे त्याचे." तिला हे अपेक्षित होतं, तिनेच नंतर समजावलं की तारा बाहेरून विझताना त्याचा आतला तापलेला भाग उघडा पडतो आणि अतिनील उजेड वाढत जातो. पण अपेक्षित असणं वेगळं आणि समोर दिसणं वेगळं. ती ओरडली, मग तिने मला मिठी मारली, आणि लगेच मागे होऊन म्हणाली, "सॉरी, अत्तर लावलंय." मी म्हटलं, "आता लाव काय लावायचं ते." मी एवढ्या मोठ्याने हसले की लोकांनी वळून बघितलं. त्यांनी मला तसं कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

आईला मी फोनवर ते चित्र दाखवलं. काळ्यावर एक निळा ठिपका, रंग आम्हीच भरलेला. तिने फोन लांब धरून बघितला. "हे बघायला वर पाठवलं?" मी हो म्हटलं. "माझी सवत जमिनीवर तरी होती. तू तर आभालात नेऊन ठेवलीस." मग चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा बघितलं.

सगळे म्हणतात मी ठाम राहिले. प्रमुखांनी बैठकीत तसं सांगितलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं. मी इकडे यायच्या आधी त्या पोरीने तिच्या भाषणात सांगितलं की पहिले सहा दिवस आपल्याकडे नाहीत, पण आरसा आहे, आणि माझ्याकडे बघून हसली. पाच दिवसांचं खरं आहे. सहावा दिवस सोमवारचा. सोमवारी सकाळी आकडा रेषेखाली आला होता. फार नाही, पण खाली होता. मी तो तीन वेळा वाचला. कोणीतरी दारातून विचारलं, "काय म्हणतो आकडा?" आणि मी म्हणाले, "रेषेवर आहे. उद्या बघू." रेषेवर नव्हता. मला भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. तिच्या ताऱ्याचा तो एक दिवस माझ्यामुळे गेला, आणि त्यात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहून उपयोग नाही, हे पत्र जाणार तरी कुठे. सांगायचं आहे ते तिला. ती रविवारी बोर्लीला घरी जाताना इथे जेवायला उतरणार आहे. आईने कोळणीला सुरमई सांगून ठेवली आहे आणि सकाळपासून दोनदा विचारलं आहे की पोरीला तिखट चालतं का. चालतं. मी सांगणार आहे, जेवण झाल्यावर. जेवणाआधी सांगायला हवं, हे मला कळतं, पण तेवढा धीर माझ्याच्याने होत नाही.